‘ठेसन’: एका शब्दाचे मुक्काम

गेल्या प्रायश्चित्तकाळातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ होती आणि शिळफाट्यानजीकच्या एका घराच्या अंगणात क्रुसाच्या वाटेची भक्ती चालली होती. (हा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. कल्याण-मुंब्य्राकडच्या त्याच नावाच्या फाट्याशी वाचकांनी त्याची गल्लत करू नये. आमच्या नावावरची पत्रे मात्र ती गल्लत अधूनमधून करीत असतात.) दुसऱ्या की तिसऱ्या स्थानापाशी आम्ही गुडघे टेकले असता मागून एका लहानग्याचा कुजबुजता आवाज आला, ‘‘आजी, अजून किती ठेसनं?’’ त्यावर आजीचा तितकाच दबका आवाज आला, ‘‘गप बस. आताशी पळसदरी आलीय, खोपोली लांब आहे.’’

कर्जतहून खोपोलीस जाणाऱ्या गाडीने ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही. अंगणात हसू पसरले. आम्ही मात्र किंचित रागावलो. कारण आदल्याच वर्षी प्रार्थनेची पुस्तिका नव्याने तयार करताना ‘स्टेशन’ हा शब्द हद्दपार करून तेथे ‘स्थान’ हा शुद्ध शब्द योजण्याविषयी आम्ही बरीच खटपट केली होती. भक्ती आटोपल्यावर आम्ही आजीबाईंना तसे सौम्य शब्दांत सांगितलेही. त्या म्हणाल्या, ‘‘फादर, ठेसन काय नि स्थान काय, थांबायचं तिथं थांबायचं.’’

त्या रात्री आम्ही शब्दकोश उघडला, आणि आमचा राग हळूहळू ओसरत गेला.

इंग्रजीतील ‘स्टेशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘स्तात्सिओ’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी ‘स्तारे’, म्हणजे उभे राहणे, हे क्रियापद आहे. आपल्या संस्कृतातील ‘स्था’ हा धातू त्याच कुळातला. म्हणजे स्थान, स्थिती, संस्था हे शब्द आणि रेल्वेचे स्टेशन ही एकाच आजीची नातवंडे होत. ‘स्थान’ शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला तो ‘ठाण’ आणि ‘ठाणे’ होऊन. ठाणे शहराचे नाव शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ असे येते. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटून ठाण्यास पोहोचली, तेव्हा एका अर्थी ‘स्टेशन’ हा शब्द आपल्या चुलतभावाच्या घरीच उतरला. आणि खेड्यातला माणूस जेव्हा ‘स्टेशन’ न म्हणता ‘ठेसन’ म्हणतो, तेव्हा तो अडाणीपणाने शब्द मोडतो असे आपण समजतो. त्याच्या जिभेने विलायती शब्दाला घरचा ‘ठ’ परत दिलेला असतो!

इंग्रजांच्या तोंडी मात्र या शब्दाला एक लष्करी वास होता. रोमन सैन्यात ‘स्तात्सिओ’ म्हणजे पहाऱ्याची चौकी. हुकूम होईल तेथे शिपायाने उभे राहावयाचे. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी आपली नेमणूक जेथे असेल त्या गावाला ‘स्टेशन’ म्हणे. गावाची वस्ती वेगळी, आणि साहेबांच्या बंगल्यांचे, क्लबाचे, चर्चचे ‘स्टेशन’ वेगळे. उन्हाळा असह्य झाला की हीच मंडळी डोंगरावर जात, म्हणून ‘हिल स्टेशन’. मराठीने त्याचे ‘थंड हवेचे ठिकाण’ केले. त्यात हवा आली, पण कोण उभे राहणार आणि कोणाच्या हुकमाने, हा भाग गळाला.

आमच्या परिसरातील असे ठिकाण म्हणजे माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये ते ‘शोधले’ असे पुस्तके सांगतात. ठाकर आणि कातकरी तेथे त्यापूर्वीपासून वावरत होते. पण ज्याने पाहिले त्याचा नव्हे, ज्याने कागदावर लिहिले त्याचा शोध, असा त्या काळचा न्याय होता. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याच्या कर्तृत्वाने नेरळहून वर छोटी आगगाडी गेली आणि हिल स्टेशनला रेल्वेचे स्टेशन मिळाले. तरी माणसे माणसांना ओढीतच राहिली. हातरिक्षांची ती प्रथा सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. इंग्रजीत ‘स्टेशन’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, माणसाची समाजातील पायरी. आपल्या स्टेशनाबाहेर वागू नये, असे जुने इंग्रज आपल्या नोकरांना बजावीत. मराठीने हा अर्थ उसना घेतला नाही. घेण्याची गरजच नव्हती. ‘पायरीने राहावे’ हे आपल्याकडे इंग्रज येण्यापूर्वीच पाठ झालेले होते.

आता बोरघाटाकडे वळू, कारण या शब्दाची खरी कसोटी तेथे लागली.

रेल्वे येण्यापूर्वीही खोपोली हा मुक्काम होताच. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर वाटसरूने येथे टेकावे म्हणून नाना फडणविसांनी मोठे तळे आणि महादेवाचे देऊळ बांधले. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला. मग रेल्वे आली. १८५६ मध्ये रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मध्ये घाट उभा. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीस उतरे, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसे. सात वर्षे खोपोली हे शेवटचे स्टेशन होते. इंग्रजी कागदोपत्री त्याचे नाव ‘कँपूली’ असे लिहीत.

घाटाचे काम १८५६ मध्ये फॅव्हिएल या कंत्राटदाराने सुरू केले. १८५९ च्या आरंभी मजुरीच्या थकबाकीवरून घाटात दंगा उसळला आणि त्याच वर्षी त्याने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्या अंगावर घेतले आणि ॲडम्सन व क्लाउझर या अभियंत्यांच्या साह्याने ते तडीस नेले. विधवेच्या वाट्याला त्या काळी काय येत असे हे आठवले, की ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावीशी वाटते. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे खपत होती. कातळाला सुरुंग लावण्यासाठी माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडीत. पटकीने आणि तापाने मजूर हजारांनी गेले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि १८३१ फुटांची चढण एवढे सारे पुरे होऊन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. ट्रेडवेलचे नाव इतिहासात राहिले. दोराला लोंबकळणाऱ्यांचे नाव कोणत्याही स्टेशनच्या पाटीवर नाही.

लोकांनी आपल्या परीने एक नाव मात्र जपले आहे. घाटात जुन्या रस्त्याच्या कडेला शिंगरोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी, की शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबांना घाटातून वर जाण्याची वाट दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारताच त्याने आपल्या मुलखाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घालण्यात आली. चढण सुरू करणारे गाडीवान आजही तेथे क्षणभर थांबतात, नाणे टाकतात आणि पुढे जातात. त्या जागेला कोणी स्टेशन म्हणत नाही. मराठीत त्याला ‘ठाण’ म्हणतात, देवाचे ठाण.

त्याच घाटात एक अजब स्टेशन होते. चढण इतकी उभी, की गाडीला वळण घेण्यास डोंगराने जागाच दिली नाही. तेव्हा अभियंत्यांनी कड्याच्या टोकावर एक सपाट जागा तयार केली. गाडी तेथे येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि आतापर्यंत जे शेपूट होते ते तोंड होऊन गाडी उलट दिशेने चढू लागे. याचे नाव ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. तेथे कोणाचे गाव नव्हते. स्टेशन म्हणजे पोहोचण्याची जागा हा आपला समज तेथे खोटा ठरे. केवळ पुढे जाता येत नाही म्हणून थांबावयाचे आणि पाठ होती तिकडे तोंड करावयाचे, एवढ्यासाठीच ते होते. १९२९ च्या सुमारास मार्गाची आखणी बदलली आणि ते बंद पडले. आम्हांला पश्चात्तापावरील प्रवचनासाठी याहून चांगला दृष्टान्त अद्याप सापडलेला नाही, आणि तो आम्ही इतक्या वेळा वापरला आहे की आमचे भाविक आता घाटाचे नाव काढताच सावध होतात.

रेल्वेपाठोपाठ पॉवर स्टेशन आले. लोणावळ्याच्या बाजूस पाणी साठवून ते नळांतून खाली खोपोलीस आणावयाचे आणि त्याच्या जोरावर वीज निर्माण करावयाची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती त्यांच्या पश्चात १९१५ मध्ये साकार झाली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्रही सुरू झाले. वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांना. तारा ज्यांच्या डोक्यावरून गेल्या, त्या वाड्यांत त्यानंतर कित्येक दशके चिमणीच मिणमिणत राहिली.

याच मुलखात एक असा मनुष्य होऊन गेला, की ज्याच्या छोट्याशा आयुष्यात या शब्दाचे बहुतेक अर्थ एकत्र आले. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, म्हणजे हिल स्टेशनात, एका नाभिक कुटुंबात झाला. साहेबांच्या आणि शेठियांच्या त्या गावात नाभिकाच्या मुलाचे ‘स्टेशन’ काय असावे हे ठरलेलेच होते. ते त्यांनी मानले नाही. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने पॉवर स्टेशनातून मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. मग पोलीस ठाण्यांतून त्यांचा माग काढला जाऊ लागला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मनोरे पाडावेत की नाही याविषयी आमच्या वाचकांत मतभेद असतील. पण नेमून दिलेली जागा सोडून निवडलेल्या जागी उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडे पाहिल्यावर कळते.

बाकीचे अर्थ थोडक्यात सांगून टाकू. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास पुस्तके विकणारे दोन प्रकारचे लोक असत. काही फिरून विकीत, तर काही ठरावीक जागी दुकान थाटून बसत. या बसणाऱ्यांना ‘स्टेशनर’ म्हणत. जूनमध्ये आपली मुले ज्या वह्या-पेन्सिलींसाठी हट्ट धरतात, ती ‘स्टेशनरी’ तेथून आली. ‘रेडिओवर स्टेशन लागत नाही’ ही तक्रार आमच्या वडिलांची. आणि ‘आउटस्टेशन’ चेक वटण्यास एके काळी किती दिवस लागत, हे चर्चचे हिशेब ज्यांनी ठेवले त्यांना विचारावे. सरकारी मराठीने या सगळ्यांसाठी वेगवेगळे शब्द केले: रेल्वे स्थानक, पोलीस ठाणे, आकाशवाणी केंद्र, मतदान केंद्र. शब्द चांगले आहेत. पण माणूस अजून ‘स्टेशनात तक्रार दिली’ असेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ती रेल्वेची की पोलिसांची हे त्याच्या चेहऱ्यावरून कळते.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येतो. हा शब्द ख्रिस्तसभेत रेल्वेच्या किती आधी आला, याची आम्हांला सेमिनरीत शिकूनही विस्मृती पडली होती. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात हर्मास उपवास करून बसलेला असतो. मेंढपाळ त्याला विचारतो की हे काय चालले आहे. तो सांगतो, माझे ‘स्तात्सिओ’ आहे. मेंढपाळ पुन्हा विचारतो, ‘स्तात्सिओ’ म्हणजे काय? आजीबाईंना आम्ही जे समजावू पाहत होतो, तोच हा प्रश्न अठराशे वर्षांपूर्वीचा! त्यावर मेंढपाळ त्याला सांगतो की नुसते पोट रिकामे ठेवणे हा खरा उपवास नव्हे. वाचलेल्या अन्नाचा पैसा विधवेला, पोरक्याला द्यावा. पुढे इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन याने हा शब्द सैन्यातल्या पहाऱ्यावरून आला असे स्पष्ट केले. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपवास करून प्रार्थनेत जागे राहणे, हा ख्रिस्ती माणसाचा पहारा. ज्या रोमन चौकीदारांनी आपल्या प्रभूला क्रुसावर खिळले, त्यांच्याच चौकीचा शब्द श्रद्धावंतांनी उचलला आणि आपल्या उपवासाला लावला.

त्यानंतर रोममध्ये ‘स्टेशन चर्च’ची परंपरा रुजली. प्रायश्चित्तकाळात दररोज एका ठरावीक ख्रिस्तमंदिरात बिशपांसह सर्व जण मिरवणुकीने जमत. जुन्या लॅटिन मिस्साग्रंथात त्या त्या दिवसाच्या आरंभी ‘स्तात्सिओ’ असे लिहून मंदिराचे नाव छापलेले असे. मध्यंतरी खंडित झालेली राखेच्या बुधवारची संत साबिना मंदिराकडची मिरवणूक पोप तेविसावे जॉन यांनी पुन्हा सुरू केली.

क्रुसाच्या वाटेवरील थांब्यांना ‘स्टेशन’ हे नाव देणारा पहिला लेखक म्हणून विल्यम वे या इंग्रज यात्रेकरूचे नाव घेतले जाते. तो १४५८ मध्ये आणि पुन्हा १४६२ मध्ये जेरुसलेमला गेला होता. म्हणजे आमच्या पुस्तिकेतून जो इंग्रजी शब्द आम्ही विलायती म्हणून काढला, तो पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी एका यात्रेकरूच्या पायांनी चालून आलेला होता. तेव्हा थांब्यांची संख्या ठरलेली नव्हती. ती चौदा अशी पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये निश्चित केली. ज्यांना जेरुसलेमला जाणे परवडत नाही, त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन बंधूंनी ती वाट गावोगावच्या भिंतींवर आणली. शिळफाट्याच्या अंगणात बांबूला टांगलेली आमची चौदा चित्रे त्याच वाटेवरची.

आमच्या मिशनच्या इतिहासातही हा शब्द आहे. अहमदनगरच्या बाजूला १८७८ च्या सुमारास केंदळला जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंचे काम सुरू झाले. अशा कामाच्या मुख्य गावाला ‘मिशन स्टेशन’ म्हणण्याची रीत होती. एका स्टेशनातून धर्मगुरू घोड्यावर वा बैलगाडीतून वीस-वीस खेडी हिंडे. पहिल्या महायुद्धात सरकारने त्या जर्मन धर्मगुरूंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अडकवून ठेवले आणि नंतर परत पाठविले. तरी खेड्यांतले धर्मशिक्षक आणि माणसे होती तेथे उभी राहिली. रेल्वेच्या रुळांनीही आपल्याकडे श्रद्धा वाहून नेली. इगतपुरी, लोणावळा येथील रेल्वे वसाहतींतून गोव्याचे व ईस्ट इंडियन ख्रिस्ती चालक, गार्ड, फिटर राहत. त्यांच्यामागोमाग ख्रिस्तमंदिर येई. त्या पिढीतल्या माणसाला क्रुसाच्या वाटेचे स्टेशन आणि ड्यूटीचे स्टेशन यांत फार अंतर वाटत नसावे.

पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचा मसुदा टेबलावर पडून आहे. त्यात ‘स्थान’ हाच शब्द ठेवला आहे. तो सुंदर आहे आणि आता तरुणांच्या तोंडी बसला आहे. मात्र कोणी ‘ठेसन’ म्हटले तर त्याला न टोकण्याचे आम्ही मनाशी ठरविले आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. शिळफाट्याला रेल्वेचे स्टेशन नाही. फाटा म्हणजे जेथे वाट फुटते ती जागा. पहाटे मिस्सासाठी निघालो की तेथे रस्त्याच्या कडेला माणसे उभी दिसतात. काही जवळच्या वाड्यांवरचे कातकरी, काही जालन्याकडून, अहिल्यानगरकडून पोट भरावयास आलेली. डबा कापडात बांधलेला, हातात थापी किंवा घमेले. टेम्पो येतो, मुकादम बोटाने माणसे मोजतो, मोजलेली चढतात, उरलेली तशीच राहतात. संत मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी बाजारात दिवसभर उभे असलेल्या मजुरांना विचारतो की तुम्ही येथे का उभे आहात, आणि ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर घेतले नाही. लॅटिन बायबलात त्या ‘उभे आहात’साठी ‘स्तारे’ हेच क्रियापद आहे, ज्यातून ‘स्टेशन’ निघाले.

त्या उभ्या असणाऱ्यांपैकी दोघी-तिघी आमच्या भाविक आहेत. काम मिळो वा न मिळो, शुक्रवारी संध्याकाळी त्या अंगणात येतात. मागच्या ओळीत, आजीबाईंच्या शेजारी, चौदा वेळा गुडघे टेकतात आणि चौदा वेळा पुन्हा उभ्या राहतात.